मित्रासाठीं उचललेलें शस्त्र

शास्त्रभाग : योहान १५ : १२–१५, १ शमुवेल १८ : १–४ व अध्याय २०

प्रियजनहो, मित्रासाठीं जो मरण पत्करतो त्याच्या प्रीतीच्या वर प्रीतीची दुसरी पायरी नाहीं, असें आपल्या प्रभूनें शेवटल्या रात्रीं शिष्यांस सांगितलें. हें वचन आपल्या मंडळ्यांतून इतक्या वेळां वाचलें जातें कीं तें कानांवर पडतें आणि तसेंच निघून जातें. दावीद व योनाथान यांची गोष्ट तर शब्बाथशाळेंतील लेंकरांसहि तोंडपाठ आहे. म्हणून ह्या खेपेस आम्ही त्याच वचनाचा विचार आपल्या देशांतील एका जुन्या संस्कृत नाटकाच्या आधारें करूं इच्छितों. त्या नाटकाचें नांव मुद्राराक्षस. उपदेशाच्या जागीं नाटक कशाला, असें कोणी विचारील, तर आमचें उत्तर एवढेंच कीं, पौलानें अथेनै शहरांत अरीयपगावर उभें राहून तेथल्या लोकांच्याच कवींची साक्ष काढली होती.

हें नाटक विशाखदत्त नांवाच्या कवीचें. त्याच्या काळाविषयीं विद्वानांचें एकमत नाहीं; कोणी त्यास गुप्त राजांच्या वेळचा मानितात, कोणी त्यानंतर कांहीं शतकांचा. मराठी वाचकांस हें नाटक परकें नाहीं. कृष्णशास्त्री राजवाडे यांनीं त्याचें मराठी भाषांतर एकोणिसाव्या शतकांतच केलें, आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनीं संशोधिलेली मूळ संस्कृत प्रत १८८४ सालीं मुंबईस छापली गेली. सात अंकांच्या ह्या नाटकांत प्रणयकथा नाहीं, हंसविणारा विदूषक नाहीं. आहे तें राजकारण, हेरगिरी, खोटीं पत्रें, आणि त्या सगळ्या गुंत्याच्या मध्यभागीं एक जवाहिऱ्या व त्याचा मित्र.

पाटलिपुत्र नगरांत, म्हणजे आजच्या पाटण्याच्या जागीं, नंदांचें राज्य होतें. चाणक्यानें तें बुडविलें व चंद्रगुप्त मौर्यास गादीवर बसविलें. इतिहासकार ही गोष्ट इ. स. पूर्वीं ३२१ च्या सुमारास घडली असें धरितात. नंदांचा प्रधान राक्षस ह्यानें मात्र नव्या राजापुढें मान वांकविली नाहीं. (नांव राक्षस असलें तरी मनुष्य सज्जन आहे, नांवावरून वाचकांनीं भिऊं नये.) धनी मेला, वंश बुडाला, कांहीं मिळण्याची आशा राहिली नाहीं, तरी हा आपल्या धन्याचें नांव सोडीना. तो नगर सोडून गेला व मलयकेतु नांवाच्या एका राजपुत्राच्या साह्यानें चंद्रगुप्तावर चालून येण्याची तयारी करूं लागला. जातांना आपली बायको व मूल त्यानें चंदनदास नांवाच्या जवाहिऱ्याच्या घरीं ठेविलीं. नाटकाचें मर्म असें कीं, चाणक्यास राक्षसाचा जीव नको होता. मेलेल्या धन्याशीं जो इतका इमानी, तोच आपल्या राजाचा प्रधान व्हावा, अशी त्याची इच्छा होती. त्याकरितां त्यानें जें जाळें टाकिलें त्यांत पहिला सांपडला तो चंदनदास.

कसा सांपडला तें ऐकण्याजोगें आहे. चाणक्याचा एक हेर, गाणीं म्हणत दारोदार फिरणाऱ्याच्या वेषानें, चंदनदासाच्या घरीं गेला. आंतून पांच वर्षांचें एक मूल कुतूहलानें धांवत बाहेर आलें. तेव्हां दाराआडून एका बाईनें हात लांब करून त्यास आंत ओढलें, आणि त्या गडबडीत तिच्या बोटांतील आंगठी गळून घरंगळत हेराच्या पायांशीं आली. ती आंगठी पुरुषाच्या बोटाची होती व तिच्यावर राक्षसाचें नांव कोरलेलें होतें. हीच ती मुद्रा, जिच्यावरून नाटकास नांव मिळालें. एका लेंकराचें बाहेर डोकावणें, एका आईची धांदल, आणि एवढ्यानें एका घराचा घात झाला.

मग चाणक्य चंदनदासास बोलावून घेतो. आधीं गोड बोलणें : व्यापार कसा चालला आहे, नफा होतो ना ? मग हळूच : राक्षसाचें कुटुंब तुझ्या घरीं आहे. चंदनदास म्हणतो, हें कोणीतरी खोटें सांगितलें. चाणक्य पुन्हां दाबतो, तेव्हां म्हणतो, त्या वेळीं होतें खरें. मग आतां कोठें आहे ? ठाऊक नाहीं. चाणक्य त्याची चूक लगेच पकडतो : आधीं नव्हतें म्हणालास, आतां होतें म्हणतोस, हें जुळत नाहीं.

येथें आम्हांस थोडें थांबणें भाग आहे. कारण आमच्या मंडळींतील वडील माणसें विचारतील, कीं हा तर लबाड बोलला, आणि पाळक त्याची वाखाणणी करितात हें कसें ? प्रश्न रास्त आहे. लबाडीला आम्ही सद्गुण म्हणणार नाहीं. पण ज्या अध्यायाचा निर्देश आम्हीं वर केला आहे तो पुन्हां उघडून पाहावा. दावीद शेतांत लपला होता, आणि योनाथानानें बापाच्या पंक्तीस बसून सांगितलें कीं तो सुटी मागून बेथलेहेमास गेला आहे. तेंहि खरें नव्हतें. शास्त्र तें लपवीत नाहीं व त्याची भलावणहि करीत नाहीं. लगेच शौलानें आपल्याच मुलावर भाला फेंकला, एवढें मात्र सांगतें. धमकावणाऱ्यापुढें भ्यालेल्या माणसाच्या तोंडून पहिल्यानें जें निघतें त्यावरून त्याची पारख करूं नये. शेवटीं तो कोठें उभा राहतो तें पाहावें. चंदनदास शेवटीं आडपडदा टाकून देतो. भय कशाचें दाखवितां, असें तो चाणक्यास विचारतो. राक्षसाचीं माणसें माझ्या घरांत असतीं तरी मीं दिलीं नसतीं, मग नसलेलीं कोठून देऊं ! हाच तुझा निश्चय काय, असें विचारल्यावर, हाच, असें म्हणतो. आणि पाहा, बाहेरून रागावलेला चाणक्य मनांत त्याची स्तुति करितो व त्यास शिबि राजाच्या पंक्तीस बसवितो.

त्याची मालमत्ता जप्त झाली. बायकोमुलासह तो बंदींत पडला. पुरुषाच्या इमानाची किंमत पुष्कळदां घरांतलीं माणसें भरतात, ही गोष्ट उपदेश करणारे आम्ही लोक सहज विसरतों. विशाखदत्त विसरला नाहीं. ह्या पुरुषांच्या नाटकांत एका स्त्रीचें दुःख त्यानें जवळून दाखविलें आहे, आणि ती चंदनदासाची बायको. सातव्या अंकांत चंदनदास खांद्यावर सूळ घेऊन वधस्थानाकडे चालला आहे. मागून ती व मुलगा येत आहेत. वाटेवरचे जुने स्नेही डोळ्यांत पाणी आणून दुरूनच परततात. तो तिला परत फिरण्यास सांगतो. ती म्हणते, आपण परलोकास निघालां आहां, परगांवीं नव्हे. तो समजावितो कीं आपण कांहीं गुन्ह्यासाठीं मरत नाहीं, मित्राच्या कामीं मरतों. ती उत्तर करिते कीं मग तर मीं मुळींच परतूं नये. आणि ती पतीबरोबर मरण्याचा निश्चय बोलून दाखविते. तें तो मान्य करीत नाहीं. मुलाकडे कोण पाहील, असें म्हणून तो तिला जगण्यास सांगतो. येथें आमचें मन पूर्णपणें चंदनदासाकडे आहे. एकाचा त्याग दुसऱ्याच्या जिवावर चढवूं नये, हें त्यास कळत होतें. मुलगा विचारतो, बाबा, तुमच्यावांचून मीं काय करावें ? बाप सांगतो, जेथें चाणक्य नसेल त्या देशांत जाऊन राहा. आणि पुढें म्हणतो, मरण तर कोणास चुकलें नाहीं. मित्राच्या कामीं आलें तर यावें. मुलगा म्हणतो, हें काय सांगावें लागतें ? हा आपला कुळाचारच आहे.

आपल्या घरांतून लेंकरांनीं आपल्या बापाविषयीं असें म्हणावें असें आपण काय ठेविलें आहे, ह्याचा विचार ज्याचा त्यानें करावा.

आतां दुसऱ्या मित्राकडे वळूं. राक्षसाची दशा ह्या वेळीं वाईट झाली होती. चाणक्यानें खोटें पत्र व विकत घ्यावयास लाविलेले दागिने यांच्या योगानें त्याच्याविषयीं मलयकेतूच्या मनांत विष कालविलें, आणि त्या राजपुत्रानें त्यास घालवून दिलें. एकटा, गुपचूप, तो पाटलिपुत्रास येतो व एका पडक्या बागेंत बसतो. तेथें एक मनुष्य दोरी घेऊन गळफास लावण्याच्या बेतांत दिसतो. कारण विचारतां तो सांगतो कीं, माझा मित्र जिष्णुदास अग्निप्रवेश करणार, त्याचें मरण कानीं पडण्यापूर्वीं मला मरूं द्या. जिष्णुदास कां मरतो ? त्याचा मित्र चंदनदास आज सुळीं जाणार म्हणून. त्यानें आपलें सर्व धन राजापुढें ठेवून मित्राचे प्राण मागितले. राजा म्हणाला, धनासाठीं मीं त्यास धरिलें नाहीं, राक्षसाचें कुटुंब तो देत नाहीं म्हणून धरिलें आहे. तें दे व सूट, असें सांगितलें तरी तो देत नाहीं.

राक्षस तरवार उपसून उठतो. तेव्हां तो मनुष्य सांगतो कीं, पूर्वीं एकास अशाच रीतीनें वधस्थानावरून सोडवून नेलें, तेव्हांपासून मारेकरी कोणी शस्त्रधारी येतांना पाहिला कीं कैद्यास आधींच मारून टाकितात. तुमची तरवारच त्याच्या मरणाला घाई करील. राक्षसाचा हात तेथें थांबतो. ज्या तरवारीवर त्याचा आजवर भरंवसा होता, ती ह्या कामीं निरुपयोगी, नव्हे घातक. तो ती टाकून देतो आणि मोकळ्या हातांनीं वधस्थानीं जाऊन सांगतो कीं वध्याची माळ माझ्या गळ्यांत घाला. चंदनदासास आनंद होत नाहीं. आपण माझे सारे श्रम फुकट घालविले, असें तो रागानेंच म्हणतो. ज्यास वांचविण्यासाठीं हा मरत होता तोच मरावयास येऊन उभा राहिला. मी, मी, असें म्हणणारे दोघे. आणि मागणें काय, तर मरण!

गोष्ट येथें संपती तर ती फार सुंदर झाली असती, आणि आम्ही ती वाचून डोळे पुसून उठलों असतों. पण ती येथें संपत नाहीं. चाणक्य पुढें येतो. राक्षस मरावयास तयार आहे, पण चाणक्यास त्याचें मरण नकोच आहे. तो सांगतो, चंदनदासाचे प्राण हवे असतील तर चंद्रगुप्ताच्या प्रधानपदाचें हें शस्त्र हातीं घे.

ह्या मागणीचा भार नीट लक्षांत घ्यावा. मेला असता तर राक्षसाचें नांव राहिलें असतें : नंदांचा एकनिष्ठ चाकर, शत्रूपुढें न वांकलेला. तें नांवच त्याची शेवटची मिळकत होती. राज्य गेलें, धनी गेला, आश्रय गेला. पण आपण वांकलों नाहीं एवढा मान शिल्लक होता. तोच चाणक्यानें मागितला. प्राण देऊन जें टाळतां आलें असतें तें जगून करावयाचें, आणि ज्यांच्याशीं दावा धरिला त्यांची चाकरी सर्वांदेखत पत्करावयाची. राक्षस आधीं म्हणतो, मी ह्यास योग्य नाहीं. पण दुसरा उपाय उरत नाहीं. मित्राचा स्नेह मनुष्याकडून काय काय करवितो, असें मनाशीं म्हणून तो त्या स्नेहालाच नमस्कार करितो व शस्त्र घेतो. थोड्या वेळापूर्वीं त्यानें मित्रासाठीं आपली तरवार टाकिली. आतां मित्रासाठींच शत्रूचें शस्त्र उचलिलें. आमच्या मतें दुसरें पहिल्याहून जड होतें.

योनाथानाकडे पाहा. त्यानें आपला झगा, तरवार, धनुष्य व कंबरपट्टा काढून दावीदास दिला, हें आपण लेंकरांस कौतुकानें सांगतों. पण तो राजाचा मुलगा होता, आणि तीं राजपुत्राचीं चिन्हें होतीं. मित्र राजा होईल आणि मी त्याच्या खालीं बसेन, असें त्यानें पुढें आपल्या तोंडानें सांगितलें. रणांत मित्रापुढें ढाल होणारे पुष्कळ निघतील. मित्रासाठीं आपली गादी सोडणारा एखादाच.

बंधुभगिनींनो, आमच्या खेड्यांतून आम्हीं ही गोष्ट अनेक वेळां पाहिली आहे. दोघे जिवलग असतात. एक आजारी पडला तर दुसरा रात्रींच्या रात्रीं गाडी जुंपून त्यास दवाखान्यांत नेतो, उशाशीं बसून राहतो, पेरणीच्या दिवसांत आपलें काम टाकून त्याचें वावर पेरून देतो. अशा माणसाविषयीं कोणास शंका असेल ? पण त्याच माणसास एकदां सांगून पाहा : तुझ्या मित्राच्या मुलीचें लग्न तुझ्या भाऊबंदांतल्या त्या घरीं ठरत आहे, ज्या घराशीं तूं बांधाच्या भांडणावरून बोलत नाहींस, तूं पुढें होऊन दोन शब्द बोललास तर तिचें भलें होईल. तेव्हां तो मुकाट्यानें उठून जातो. मित्रासाठीं रक्त देईन, पण त्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाहीं ! रक्त कोणी मागितलेलें नसतें. उंबराच मागितलेला असतो. मित्रासाठीं काय द्यावयाचें हें देणाऱ्यानें ठरवावयाचें नसतें, त्याच्या गरजेनें ठरावयाचें असतें.

चाणक्याविषयीं दोन शब्द बोललेच पाहिजेत, कारण तरुण मंडळी त्याच्या बुद्धीवर फार भाळते. शेवटीं तो आपल्या तोंडानेंच सांगतो कीं खोटें पत्र माझें, दागिने माझे, बागेंतला दोरीवाला माझा. मारेकरी देखील वेष पालटलेले त्याचे सेवक. मित्रप्रेम हें त्यानें गळाला लावलेलें आमिष होतें. त्याच्या माणसांपैकीं भागुरायण हा मलयकेतूचा मित्र म्हणून त्याच्यापाशीं राहतो, आणि जो आपणांवर इतका जीव लावतो त्यालाच फसवावें लागतें ह्याचें दुःख एके ठिकाणीं मनाशीं बोलून दाखवितो, तरी फसवितोच. गेथशेमानेच्या बागेंतील चुंबनाची ज्यांस आठवण आहे त्यांस अशा मैत्रीची निराळी ओळख करून द्यावयास नको. राज्य एक झालें, रक्तपात टळला, हें चाणक्याच्या बाजूनें म्हणतां येईल. पण आम्हांस वाटतें तें असें कीं, सोंगाढोंगांच्या त्या सबंध बाजारांत खरा माल एका जवाहिऱ्यापाशींच होता. चंदनदासास डाव ठाऊक नव्हता. त्याच्यापुरता सूळ खराच होता, आणि मुलाचा निरोपहि खराच होता.

एक गोष्ट वाचतांना मात्र आमच्या मनास चटका बसला. वधस्थानीं चाणक्य राक्षसापुढें येतो तेव्हां राक्षस त्यास म्हणतो, मला शिवूं नका, मी चांडाळाच्या स्पर्शानें विटाळलों आहें. चाणक्य उत्तर देतो कीं हे चांडाळ नव्हतच, राजाचे सेवक आहेत. मित्रासाठीं सुळाकडे चालून जाणाऱ्या उदार पुरुषाच्याहि जिभेवर तो शब्द असावा ! आणि चाणक्याचें उत्तर तरी काय ? ते खरोखरीचे चांडाळ असते तर विटाळ खराच ठरला असता, असेंच ना ? कवीच्या काळाची रीत म्हणून आम्ही तें सोडून देऊं. पण ज्या प्रभूनें कुष्ठरोग्यास आधीं हात लाविला आणि मग बरें केलें, त्याच्या मंडळींत बसून हें वाचणाऱ्यांस तें बोचल्यावांचून राहणार नाहीं.

त्या प्रभूची प्रीति मित्रांपाशीं थांबत नाहीं, असें पौल रोमकरांस पांचव्या अध्यायांत लिहितो. आपण वैरी असतांच ती आपणांस शोधीत आली. नाटकांतील माणसांकडून एवढी अपेक्षा आम्हीं केली नव्हती. म्हणूनच शेवटल्या अंकांतील एक लहानशी गोष्ट आमच्या मनांत राहिली आहे. मलयकेतूस बांधून आणितात. ज्यानें राक्षसावर खोटा आळ मानला, ज्यानें त्यास अपमान करून हांकलून दिलें, तोच हा. त्याचें काय करावें, असें सेवक विचारतात. चाणक्य म्हणतो, आतां प्रधान राक्षस आहेत, त्यांस विचारा. नव्या शस्त्रास हात लावून फार वेळ झालेला नाहीं. राक्षस राजाकडे वळतो व म्हणतो, मी कांहीं काळ ह्याच्यापाशीं राहिलों आहें, ह्याचे प्राण राखावे. राजा चाणक्याकडे पाहतो. प्रधानाची ही पहिलीच मागणी, ती मानली पाहिजे, असें चाणक्य सांगतो. मलयकेतूचीं बंधनें सुटतात, त्याच्या बापाचें राज्य त्यास परत मिळतें, आणि चंदनदास जवाहिऱ्या पृथ्वीवरील सर्व नगरांचा श्रेष्ठी होतो.